एक्केचाळिसावी पट्टी

९ एप्रिल

कवळीवाले,

तुमचं पत्र पोस्टमनने माझ्या काउंटरवर टाकलं. पाकिटावर लिहिलेलं 'नावाडी'. इथे नदी नाही आणि होडी नाही, माझी लॉन्ड्री आहे. पण पत्ता माझाच, म्हणून फोडलं. मागे तुमच्या दुकानाचा शिक्का आहे, कवळ्या आणि दातांचे साचे बनवून मिळतील, म्हणून तुम्हाला कवळीवाले म्हटलं. राग आला तर आला.

तुम्ही लिहिता, दहा महिने उत्तर नाही, तब्येत बरी आहे ना. तब्येतीची आता चिंता नको. तो जानेवारीत गेला. बसल्या जागी छातीत कळ आली, हातात ते बटणांचं खेळणं तसंच. माझा धाकटा भाऊ होता.

तुम्ही त्याला सहा वर्षं पत्रं लिहिताय म्हणे. तो यंत्रात खोचायच्या गेमच्या पट्ट्या पोस्टाने पाठवायचा, तुम्ही खेळून चुका कळवायचात आणि पट्ट्या परत पाठवायचात. म्हणजे त्या आगीत तेल ओतणारे तुम्हीच. चांगला गेम बनवणाऱ्या कंपनीत होता. टीव्हीला जोडून ज्या यंत्रावर ते गेम चालायचे ते यंत्र बाजारातून गेलं, कंपनीने अर्धा झालेला गेम रद्द केला, माणसांना घरी पाठवलं. बाकीचे दुसरीकडे चिकटले. आमचा शहाणा तो रद्द गेम खोक्यात घालून माझ्या दुकानामागच्या खोलीत आला आणि अकरा वर्षं तोच पूर्ण करत बसला. ट्राम बंद झाल्यावर तिची तिकिटं छापत बसावं तसं.

खोली मला हवी होती, साफ केली. कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता, भंगारवाल्याने नेला. पट्ट्या सगळीकडे पडलेल्या, हिरव्या, मध्ये झुरळासारखी काळी चिप. कुबट वास मारत होत्या. प्रत्येक चिपवर कळकट काळी चिकटपट्टी, त्यावर पांढऱ्या शाईने नुसते आकडे. त्या चिकटपट्ट्या सगळ्या नखाने खरवडून काढल्या, पट्ट्या स्पिरिटने पुसल्या आणि तीन आठवडे गच्चीवर कडक उन्हात ठेवल्या. वास गेला. माझ्या हाताखालून कळकट वस्तू बाहेर जात नाही.

फळांच्या खोक्यात भरून ठेवल्यात. हव्या असतील तर कळवा. नाहीतर पुढच्या सोमवारी कचऱ्याच्या गाडीत.

लॉन्ड्रीवाली

१४ एप्रिल

आदरणीय ताई,

आपलं पत्र मी कामाच्या टेबलाशी तीनदा वाचलं. नावाडी (तो पत्राखाली हीच सही करायचा) गेला यावर अजून विश्वास बसत नाही. तो माझा प्रत्यक्ष न भेटलेला, पण सर्वांत जवळचा मित्र होता.

परंतु ताई, आपण काय करून बसलात याची आपल्याला कल्पना नाही. त्या चिपच्या डोक्यावर एक लहान काच असते. त्या काचेतून ऊन आत गेलं की आत साठवलेलं सगळं पुसलं जातं. ऊन लागू नये म्हणूनच ती काळी चिकटपट्टी असते. आपण ती खरवडलीत आणि वर तीन आठवडे ऊन दाखवलंत. ठरवून कुणी नासधूस केली असती तरी इतकी नीट जमली नसती. अडाणीपणाला औषध नाही हेच खरं.

तो गेम काय होता हे तरी आपण कधी विचारलं का? एक नावाडी माणसांना नदीपार नेतो. प्रत्येक फेरीला नदी रुंद होत जाते. इतकी साधी, इतकी सुंदर कल्पना त्या यंत्रावर दुसरी झाली नाही. कंपनीने रद्द केला तेव्हा शेवटच्या तीन फेऱ्या राहिल्या होत्या. त्या तो एकट्याने बनवत होता. दोन झाल्या होत्या, शेवटची बाकी होती. त्याच्या अखेरच्या पट्टीत ती असणार. आज जगभरात हजारो लोक अशा रद्द झालेल्या आणि घरी बनवलेल्या गेमचा शोध घेत असतात. त्यांच्यासाठी हे सोनं आहे.

कृपा करून एकूण एक पट्टी काळ्या कापडात गुंडाळून ताबडतोब पाठवा. कचऱ्यात काहीही टाकू नका.

आपला,
त्याचा मित्र

२० एप्रिल

कवळीवाले,

ताई म्हणायला मी तुमची कोण? आणि ताई म्हणून पुढच्याच परिच्छेदात अडाणी म्हणायचं, ही कुठल्या शाळेतली रीत? मी चौथीपर्यंत शिकले. तुमच्यासारखं 'परंतु' मला लिहिता येत नाही. पण उन्हाने पुसलं जाईल अशा वस्तूवर जो अकरा वर्षं लिहीत बसतो तो शहाणा, आणि ऊन दाखवणारी अडाणी, हा हिशेब मला कळला नाही.

कापडावरसुद्धा लेबल असतं. गरम पाण्यात घालू नका, पिळू नका, सावलीत वाळवा. तुमच्या त्या चिकटपट्टीवर काय होतं? एकशे चार. एकशे नव्वद. नुसते आकडे. 'उन्हात ठेवू नये' एवढे तीन शब्द लिहायला काय हात झिजत होते त्याचे? अकरा वर्षं एका भिंतीपलीकडे राहिला, एकदा तोंडाने सांगितलं असतं. मी विचारलं नाही म्हणता. विचारलं. 'काय करतोस रे आत?' 'नदी रुंद करतोय.' याच्यावर माणसाने पुढे काय विचारायचं?

आणि हजारो लोकांचं मला सांगू नका. तो गेला तेव्हा खांदा द्यायला चौथा माणूस मिळेना. समोरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला दुकान बंद करून यावं लागलं. तुमच्या हजारोंपैकी एक फिरकला नाही. खरे किती आहात ते नीट मोजून कळवा.

चाळीस पट्ट्या आहेत. जुन्या काळ्या कोटाच्या अस्तरात गुंडाळल्यात. आता पुन्हा मला त्रास देऊ नका.

लॉन्ड्रीवाली

६ मे

ताई (दुसरं काय म्हणू ते कळत नाही),

खोकं मिळालं. आठ दिवस एकेक पट्टी तपासली. एकतीस पूर्ण कोऱ्या. आठांमध्ये तुकडे आहेत: एकीत नुसती नदी, नाव नाही, एकीत नाव आहे पण ती आकाशात तरंगते, बाकीच्यांत कचरा. एकच पट्टी बहुधा गच्चीवर दुसरीखाली दबून सावलीत राहिली, ती चालते. पण ती सात वर्षांपूर्वीची आहे. अखेरची त्यात नाही.

कुठली पट्टी कितवी हेही आता सांगता येत नाही, कारण आकडे आपण खरवडलेत. आपल्या दुकानात गिऱ्हाइकाच्या कपड्याला नंबराची चिंधी टाचलेली असते ना? कुणी त्या सगळ्या चिंध्या उपटून टाकल्या तर आपण त्याला काय म्हणाल, तेच मी इथे बसून म्हणतो आहे.

आपण आकडा विचारलात. हजारो हे मी भरात लिहिलं. या यंत्राचे रद्द गेम गोळा करणारे आम्ही एकूण चौदा जण आहोत. माझ्याकडे काचेच्या कपाटात एकतीस गेम आहेत. गोगलगाईंची शर्यत, जी पाचव्या वळणावर थांबते. भुतांचं हॉटेल, ज्याला तिसऱ्या मजल्यावर जायला जिनाच नाही. यांतला एकही दुकानात कधी आला नाही. आम्ही नसतो तर ते होते हेसुद्धा कुणाला कळलं नसतं.

शेवटचा प्रश्न. त्याचं स्वतःचं यंत्र कुठे आहे? तो गेला तेव्हा हातात बटणं होती असं आपण लिहिलंत. म्हणजे यंत्र चालू होतं. त्यात एखादी पट्टी होती का?

कवळीवाला (आपण म्हणता म्हणून)

२९ मे

कवळीवाले,

चौदा. माझ्या दुकानात सकाळी शटर वर करताना याहून जास्त माणसं उभी असतात. आणि पाच वळणांची गोगलगाय काचेच्या कपाटात. तुमच्या बायकोने तुम्हाला अजून घरात ठेवलंय याचं कौतुक वाटतं. की नाही ठेवलं?

चिंधीचं मात्र तुमचं बरोबर. तसं कुणी केलं असतं तर मी हात तोडला असता त्याचा. ते वाक्य वाचून मी दोन दिवस जेवले नाही. झालं समाधान?

यंत्र माझ्याकडे आहे. फळीवर आहे, त्यावर मी शर्टांच्या सुट्या बटणांचा डबा ठेवते. त्याच्या तोंडात एक पट्टी अडकलेली आहे, तेव्हा ओढून निघाली नाही म्हणून ऊन खायची राहिली. ही एक्केचाळिसावी. मी तुम्हाला चाळीस लिहिलं कारण तुम्ही मला अडाणी म्हणालात. आणि दुसरं कारण तुम्हाला सांगायची गरज नाही.

टीव्ही दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने वायर जोडली, त्याच्याकडचा जुना जाड टीव्ही आणून ठेवला. गेम चालतो. दुपारी एक ते तीन दुकान बंद असतं, तेव्हा मी बसते. हसू नका. एवढा जीव टाकला त्याने ते काय आहे हे बघायचं होतं. फार काही नाही. भोपळ्याच्या फोडीएवढी होडी, तीत मुंगीएवढी माणसं, आणि निळं पाणी. पहिल्या दिवशी अकरा वेळा बुडाले. चौथ्या दिवशी टीव्हीवाल्याने बघू द्या म्हटलं तर त्याच्या हातात बटणं दिली नाहीत. अंगठ्याला घट्टा पडलाय.

पण एक विचारायचं आहे. तिसऱ्या फेरीपासून होडीत एक बाई येऊन बसते. डोक्यावर गाठोडं, कंबर हीऽ एवढी. ती उतरतच नाही. सारखी बोलते, खाली अक्षरं येतात. 'मेल्या, पाणी उडवू नकोस, इस्त्रीचे कपडे आहेत.' 'लोकांची कामं झाली, तुझी कधी व्हायची?' 'नुसतं बघतोस काय, वल्हव.' एक एक वाक्य माझ्या तोंडचं आहे. 'मेल्या' सकट.

ही बाई त्याने कधी घातली? आणि चौदा जण तिला बघून खो खो हसत होतात का? खरं सांगा. गोड बोलू नका.

लॉन्ड्रीवाली

३ जून

ताई,

आपल्या पत्राने मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. पट्टी जिवंत आहे. कृपया ती ओढू नका. यंत्र हलवू नका. सुट्या बटणांचा डबा तेवढा काढा.

त्या बाईबद्दल खरं सांगायचं तर ती पाच वर्षांपूर्वी आली. आम्ही तिला गाठोडेवाली म्हणायचो. हसायचो, होय. पण जास्त करून वैतागायचो. ती बसली की होडी जड होते, वल्हवायला दुप्पट वेळ लागतो, आणि तिच्या बोलण्यात खालचा खडक दिसत नाही. चौदाच्या चौदा जणांनी तिला काढून टाका असं कळवलं होतं. त्याने कुणाचंच ऐकलं नाही. कारणही दिलं नाही. ती खरी कुणी आहे हे मला आज कळलं. मी ज्या बाईबद्दल त्याला पानं भरभरून तक्रारी लिहिल्या, त्याच बाईला आता पत्रं लिहितो आहे.

आता पुढचं. यंत्र पट्टीसकट पेटीत भरून मला पाठवा. मी पट्टीची एक प्रत काढून ठेवीन आणि मूळ वस्तू कपाटात, मधल्या खणात ठेवीन. आमचा नियम आहे, मिळालं ते जसंच्या तसं ठेवायचं. एक ठिपका बदलायचा नाही. नावाड्याला मी कायम उत्तेजनच दिलं, त्याच्या कामाचा मान राखणं हे मी माझं कर्तव्य समजतो.

कवळीवाला

२१ जून

कवळीवाले,

यंत्र मिळणार नाही. का ते नीट वाचा.

मी शेवटच्या फेरीला पोचले. तुमच्यातला कुणी पोचला नाही, मी पोचले. नदी एवढी रुंद की पलीकडचं दिसत नाही, नुसतं पाणी. त्या बाईचा मलाच कंटाळा आला. मधे एक बेट लागतं, तिथे माणसं उतरवता येतात. तिथे तिला उतरवलं, म्हटलं बस बोंबलत. होडी मोकळी झाली, भरकन निघाली आणि पहिल्याच लाटेला उलटली. पुन्हा केलं, पुन्हा उलटली. सहा दिवस तेच. मग सातव्या दिवशी तिला होडीतच ठेवलं, पाठीमागे बसवलं. मोठी लाट आली, होडी कलली आणि सरळ झाली. तिचं वजन होतं म्हणून. तुम्ही चौदा शहाणे म्हणत होतात काढून टाका.

तर पोचले पलीकडे. तिथे काय आहे सांगू? काही नाही. कोरं. काठ नाही, माती नाही, झाड नाही. होडी त्या पांढऱ्याला टेकते आणि तशीच उभी राहते. बाई गप्प. नावाडी वल्हं धरून उभा. बटण दाबलं तरी काही होत नाही. तीन वाजून गेले तरी मी तशीच बसले, बाहेर गिऱ्हाईक शटर वाजवत होतं.

मग त्याच्या टेबलाचा खण उघडला, साफसफाईत तेवढा राहिला होता. म्हटलं काही कागद असेल, तिथे काय काढायचं होतं त्याचा. कागद नव्हता. तुमचं पत्र होतं. गेल्या वर्षीच्या जूनचं. तुमचीच अक्षरं तुम्हाला लिहून दाखवते:

'खरं सांगू का, शेवटची फेरी तुम्ही पूर्ण करूच नये असं मला वाटतं. पूर्ण झालेले गेम हजारो आहेत. याची सगळी शान तो रद्द झाला यातच आहे. शेवट आला की तो चारचौघांसारखा होईल आणि आमच्या कपाटात त्याला जागा उरणार नाही.'

हे तुमचं उत्तेजन. पुढे 'आपला मित्र'.

गेल्या वर्षी जून गेल्यावर माझा भाऊ खोलीत जायचा बंद झाला. दोन महिने माझ्याबरोबर दुकानात उभा राहिला. शर्टांच्या घड्या घालत होता, कॉलर बघत होता. मी खूष. मी त्याला म्हटलं, आलास एकदाचा माणसांत. त्याने पुढचा शर्ट घडीला ओढला. मला वाटलं अक्कल आली. नंतर सप्टेंबरात पुन्हा आत गेला, तेव्हा मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. आणि जानेवारीत संपला. ते दोन महिने मिळाले असते तर तो काठ झाला असता की नाही, तुम्हीच सांगा. तुम्ही हिशेबी माणूस.

तुम्हाला मोडकंच लागतं. जिना नसलेलं हॉटेल, अडलेली गोगलगाय. माणसाचं काम अर्धवट राहिलं की तुमच्या तोंडाला पाणी सुटतं. दात तरी पुरे बसवता ना लोकांचे, की त्यातला एक शान म्हणून राखता?

मी अर्धवट धुतलेला कपडा गिऱ्हाइकाला दिलेला नाही. हाही देणार नाही. जसंच्या तसं म्हणे.

लॉन्ड्रीवाली

३० जून

ताई,

ते पत्र मीच लिहिलं. पाठवलं त्या संध्याकाळीच वाटलं की चूक झाली. पण माफीचं दुसरं पत्र लिहिलं नाही. म्हटलं त्याचं उत्तर आलं की बघू. दहा महिने उत्तराची वाट बघत बसलो, आणि मग पत्रात मात्र लिहिलं की काळजी वाटते.

त्याने मला दोनदा विचारलं होतं, शेवटचा काठ कसा असावा ते सुचवा म्हणून. मी कधी सुचवलं नाही. मला तो अपुरा हवा होता. पुरा झाला असता तर तो सगळ्यांचा झाला असता.

एकोणचाळीस पट्ट्या आपल्या हातून पुसल्या, त्या न कळता. माझं तसं नव्हतं.

यंत्र मागत नाही. फक्त एवढं सांगतो, ती चिप जुनी आहे. चिकटपट्टी लावलेली असली तरी अशा चिपा आपोआप विसरायला लागतात. वर्ष, दोन वर्षं, कुणी सांगू शकत नाही. कुणाकडूनही करवा, पण प्रत काढून घ्या.

कवळीवाला

५ जुलै

कवळीवाले,

कुणाकडून करवू? टीव्हीवाल्याला विचारलं, तो म्हणाला मला ते जमणार नाही, हात लावला तर बिघडेल. म्हणजे यायचं तुम्हालाच.

मंगळवारी दुकान बंद असतं. मंगळवारी या. यंत्र इथून हलणार नाही. प्रत काढायचं काय ते अवजार घेऊन या आणि माझ्या समोर बसून काढा. खिडकीला मी चादर लावून ठेवीन, ऊन येणार नाही.

अट एकच. कपाटात ठेवायला नेत असाल तर दारातूनच परत जा. तुम्ही चौदा जण मिळून तो काठ करायचा. पूर्ण. झाडं, माती, होडी लागायला जागा, सगळं. तुमचा नियम गेला खड्ड्यात. त्याला तुम्हाला विचारावंसं वाटलं होतं, तर आता द्या उत्तर.

दुकानात झोपायची सोय होईल. बरोबर मिठाई वगैरे घेऊन येऊन गोड बोलत बसू नका. आणि तुमचे शर्ट असतील तर आणा, तुमच्या पत्रावर चहाचे डाग असतात त्यावरून कपड्यांची कल्पना आली.

लॉन्ड्रीवाली

१८ ऑगस्ट

ताई,

त्या मंगळवारी प्रत निघाली तेव्हा आपण 'झालं?' एवढंच विचारलंत आणि चहा ठेवायला गेलात. मी मात्र पूर्ण परतीच्या प्रवासात त्या प्रतीचा डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. तीन प्रती केल्या आहेत, तीन वेगळ्या घरी ठेवल्या आहेत. आता गच्चीचं भय नाही.

काठाचं काम चालू आहे. चौदापैकी पाच जण चिडून बाजूला झाले. म्हणाले ही विटंबना आहे, मूळ वस्तूला हात लावणारा मी विकला गेलो. त्यांना मी आपलं २१ जूनचं पत्र वाचून दाखवलं. दोघे परत आले. आमच्यात एक विमा कंपनीत काम करणारी बाई आहे, तिला चिपमधलं उलगडून त्यात भर घालता येते. तिने उतार केला, तीन झाडं केली, होडी बांधायला खुंटा केला. नदी इतकी जागा खाते की चौथ्या झाडाला जागा नाही. ते चालेल का?

आता फक्त एक राहिलं. बाई होडीतून उतरते तेव्हा ती काय म्हणते? ते आम्हाला कुणालाच लिहिता येत नाही. आम्ही तीन वाक्यं केली: 'धन्यवाद नावाड्या, तू मला पैलतीरी आणलंस', 'तुझे उपकार मी विसरणार नाही', आणि 'अखेर आपण पोचलो'. यातलं कुठलं घ्यावं?

शर्ट मिळाले. इतके पांढरे ते मी घेतले तेव्हाही नव्हते.

कवळीवाला

२४ ऑगस्ट

कवळीवाले,

तीन झाडं पुरेत. तो काही बाग लावायला निघाला नव्हता.

तुमची तिन्ही वाक्यं चुलीत घाला. कोण बोलतं असं? सत्काराच्या भाषणात बोलतात, हार घालायच्या आधी. तिसऱ्या फेरीपासून जी बाई बोंबलत आली ती काठावर पाय ठेवल्यावर एकदम 'उपकार' म्हणेल? कवळ्या बनवता, पण माणसाच्या तोंडात काय असतं ते तुम्हाला माहीत नाही.

लिहून घ्या. गाठोडं डोक्यावर घेते, उतरते, दोन पावलं चालते. मग मागे वळते आणि म्हणते:

'एवढ्याशा नदीला एवढा वेळ लावलास?'

एवढंच. पुढे काही जोडू नका. विमावाल्या बाईला सांगा, उद्गारचिन्ह नको, ती ओरडत नाहीये.

नावाड्याने उत्तर द्यायचं नाही. माझा धाकटा कधी उलट बोलला नाही. मी बोलायची, तो मान खाली घालून हसायचा, आणि मला वाटायचं याच्या कानात शिरतच नाही. सगळं शिरत होतं. तुमच्या त्या चिपमध्ये वाक्यन् वाक्य उतरवून ठेवलंय.

तेव्हा तिने ते म्हटल्यावर त्याला मान खाली घालून हसताना काढा. एवढ्याशा माणसाच्या तोंडावर हसू काढणं सोपं नाही, मला ठाऊक आहे, मी आता रोज बघते त्याला. दोन ठिपक्यांत जमलं नाही तर चार घ्या. तोंड वासलेलं नको. दात दिसायला नकोत.

जमेपर्यंत काढत बसा. मला घाई नाही.

ताई